बुधवारची शेवटची फाइल

आमच्या पिंपरी पट्ट्यात तेव्हा सुट्टी रविवारी नसे, गुरुवारी असे. गुरुवारी कारखान्यांची वीजच बंद. पुण्यातल्या नातेवाइकांची लग्नं रविवारी, आणि रविवारी मी कामावर. त्यांना वाटायचं, नोकरी लागल्यापासून हिला फार भाव चढलाय. वाटू दे, मी म्हणायची.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कंपनीने नवा संगणक विभाग काढला होता आणि शाळेतली गणिताची नोकरी सोडून मी तिथे गेले होते. सहा महिने उमेदवारी, काम पटलं तर कायम. नाही पटलं तर पुन्हा खडू-फळा आणि पाढे. शाळेत मी वाईट शिकवत नव्हते, पण जीव रमत नव्हता. या यंत्रात रमला. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं दुसरं यंत्र आसपास कुठे आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे इथून हकालपट्टी झाली की कायमचीच, हे मला पक्कं माहीत होतं. अजून ती खोली डोळ्यांपुढे येते. थंडगार, कारण एसी यंत्रासाठी होता, माणसांसाठी नव्हे. आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर उन्हात उभं राहून ऊब घ्यायचो. किती सुखाचे दिवस होते ते!

बुधवारी संध्याकाळी एक ठरलेलं काम असे. गुरुवारी यंत्र बंद राहणार म्हणून प्रत्येकाने आपल्या आठवड्याच्या फाइली यंत्रातून काढून ठेवता येणाऱ्या डिस्कवर हलवायच्या. ही डिस्क थाळीएवढी. ती आमच्या विभागाचे साहेब आपल्या कपाटात कुलपात ठेवत. हलवायची आज्ञा दोन अक्षरांची, एमव्ही. ती आधी दुसरीकडे नक्कल करी आणि मग मूळ पुसून टाकी. एकाला नाशिक फाट्यावर राजगुरुनगरची एसटी गाठायची असे, दुसऱ्याला लोकल, साहेबांना कंपनीची बस. माझं घर सायकलच्या टप्प्यात. मग काय, "बाई, तुम्ही थांबा जरा," आणि माझा नंबर नेहमी शेवटचा.

एका शुक्रवारी फाइल उघडते तर वरचा भाग जागेवर आणि खालचं शेपूट गायब. मूळ तर पुसलेलं. माझीच चूक असणार असं समजून मी सगळं पुन्हा लिहिलं. नंतर पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा विभागात चेष्टा सुरू झाली. "बाईंचा हात जड आहे, राव. आमच्या फाइलीला हात लावू नका हं." बाजूच्या वर्कशॉपमध्ये कुणाच्या हातून ड्रिल मोडलं की हेच म्हणत, तेच इकडे आलं. हसणारे मनाने वाईट नव्हते. पण माझ्या डोक्यात तिडीक जायची आणि घरी गेले की त्याचा राग आईवर निघायचा.

साहेब हसले नाहीत, ते जास्त वाईट. "बाई, काम अर्धवट सोडून घरी जाता का? महिनाअखेर मला तुमच्याबद्दल वर लिहून द्यायचंय."

मग एमव्ही ज्याच्याकडून नक्कल करून घेते, त्या प्रोग्रामचं मूळ लिखाण मी वाचायला घेतलं. शाळेत पोरांच्या वह्या तपासाव्यात तसं ओळ न् ओळ वाचलं. आणि सापडलं. तो लिहीत सुटायचा, पण लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरलं का, हे विचारायचाच नाही. डिस्क भरली तरी "झालं" म्हणायचा. त्या "झालं"वर विश्वास ठेवून एमव्ही मूळ पुसून मोकळी. डिस्क भरत असणार ती शेवटच्या माणसाच्या वेळी, आणि शेवटची मी!

साहेबांना सांगितलं. त्यांनी डिस्कवरची जागा काढून दाखवली. भरपूर होती. असणारच, कारण दर शुक्रवारी सकाळी आल्याआल्या जुन्या फाइली पुसून डिस्क साफ करायची त्यांना शिस्त होती. बुधवारी ती कशी असते हे पाहायला कुणाला वेळ होता?

"हा प्रोग्राम जगभर चालतोय," ते म्हणाले, "आणि तुमच्याकडेच बरा मोडतो? नाचता येईना अंगण वाकडं."

मला राग आवरला नाही. "मग या बुधवारी मी आधी हलवते, साहेब. तुम्ही शेवटी हलवा."

साहेबही हट्टी, लगेच कबूल झाले. त्या बुधवारी माझी फाइल पहिली गेली. बाकीचे आपापल्या फाइली हलवून एसटी-लोकल गाठायला धावले. साहेब खुर्चीवर बसले. त्यांची फाइल महिन्याभराच्या कामाची आहे हे मला माहीत होतं. आज्ञा टाइप झाली, बोट शेवटच्या कळीवर गेलं, आणि माझ्याने राहवलं नाही.

"साहेब, आधी एक वेगळी नक्कल ठेवा ना. जाईल ती."

"जाऊ दे," म्हणाले, आणि कळ दाबली.

काही बिघडल्याचा निरोप आला नाही. त्यांनी फाइल उघडली. वरचा भाग होता. खाली काही नव्हतं. मूळ शोधलं, तेही नव्हतं. मला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. छे! बाहेर बसने हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला आणि ती निघून गेली. साहेब उठलेच नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "तुमची तीनदा गेली ना? तेव्हा काय केलंत?"

"रडले," मी म्हणाले. "मग पुन्हा लिहिली."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपली फाइल पहिल्या गेलेल्या ओळीपासून लिहायला घेतली. मी दुसऱ्या टर्मिनलवर बसून प्रोग्राममध्ये दुरुस्ती घातली: जेवढं लिहायला दिलं तेवढं उतरलं का ते विचार, उतरलं नसेल तर थांब, आणि मूळ फाइलीला हात लावू नकोस. खोलीत दोन कीबोर्डांचाच आवाज होता.

बराच वेळ गेल्यावर, मान वर न करता साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल वर काय लिहायचं ते मी ठरवलंय. शाळेत परत जायचा विचार असेल तर सोडून द्या."