हरणाच्या गाडीचा सौदा

बैलबाजाराची एक रीत आहे. जो बैल मनात भरला, त्याची तोंडानं तारीफ करायची नाही. दात मोजायचे, खूर उचलून बघायचे, चालीत काहीतरी खोट काढायची आणि दुपट्टा झटकून चालू पडायचं. विकणारा चार पावलांवर हाक मारतो. नाहीच मारली तर आणखी चार पावलं जायचं, पण मागं वळून बघायचं नाही. माझे वडील मजुरीनं दुसऱ्यांचे बैल बाजारात चालवून दाखवायचे. त्यांच्या मागं फिरून मी शाळेपेक्षा ही रीत जास्त शिकलो. पुढं जे मिळवलं ते तिच्या जोरावर. आणि एकदा तोंडावर आपटलो तेही तिच्यापायीच.

पांढुर्ण्यात माझं मोटारसायकलचं गॅरेज होतं. वर चार टिनं, खाली शहाबादी फरशी, सगळं माझ्या कमाईचं. माझी ख्याती एकाच गाडीसाठी होती. तिच्या टाकीवर उडी मारणारं पितळी हरीण असायचं, म्हणून आमच्याकडे तिला हरणाची गाडी म्हणत. कारखान्याचं खरं नाव फक्त कागदपत्रांवर. जड गाडी, पण आवाज असा की सावरगावच्या पुलावर आली तर मी गॅरेजात बसून सांगायचो, कोणाची आहे ते.

तो कारखाना बंद पडला तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर मिळून अकरा हरणं होती. सुटे भाग मिळेनात. नागपूरचे मिस्त्री सांगायचे, भंगारात टाका. मी टाकू दिली नाही. क्लचप्लेटमधली बुचं झिजली की सावरगावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांची बुचं आणून, कापून, तेलात भिजवून बसवायचो. डॉक्टरांचीही गाडी हरणाचीच होती, म्हणून ते बुचं द्यायचे आणि वर म्हणायचे, "माझे पेशंट बिनाबुचाचं औषध घेऊन चालले, गाडी थांबली नाही पाहिजे." त्याशिवाय प्रत्येक हरणाचं पुढचं मडगार्ड मी दोन बोटं वर उचलून दिलं होतं. आमची काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाडवासारखी बसते आणि चाक जाम होतं. दोन लोखंडी पट्ट्या वाकवून लावल्या की मातीला खाली पडायला जागा मिळायची. अकराच्या अकरा गाड्या रस्त्यावर होत्या, आणि त्या माझ्यामुळे होत्या. हे मी तेव्हाही म्हणायचो, आताही म्हणतो.

मग बातमी आली की इंदूरच्या कोणा मालकानं त्या बंद कारखान्याचं नाव विकत घेतलं. नाव, नकाशे आणि टाकीवरचं हरीण. गाडी पुन्हा निघणार, आणि आमच्या भागासाठी कंपनी एजन्सी देणार. त्या दिवशी मी गॅरेजात कोणाशी भांडलो नाही. बायकोनं विचारलं, "ताप आहे का?"

एजन्सी मलाच मिळणार, यात मला शंका नव्हती. दुसऱ्या कोणाला मिळणार?

कंपनीचा साहेब जीपमागं नवी गाडी बांधून आला. तरुण माणूस, पुण्याकडची भाषा, हातात डायरी. गाडी उतरवली. टाकीवरचं हरीण उन्हात चमकलं. मरून गेलेलं नाव परत आलं होतं. तोंडानं मात्र मी रीत पाळली.

"हरीण हलकं केलं," मी म्हणालो. "पितळ नाही हे. वरून पाणी चढवलं."

साहेबानं लिहून घेतलं.

"स्टँड बारीक. संत्र्याच्या दोन पेट्या बांधल्या का वाकलं समजा. आणि हे मडगार्ड पाहा. चाकाले चिकटून राहिलं. आमच्या मातीत ही गाडी बोरगावपर्यंत नाही जात."

असे अकरा दोष मी काढले. साहेब मान खाली घालून लिहीत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मग तुम्हाला एजन्सीत रस आहे का?"

"पाहू," मी म्हणालो, दुपट्टा झटकला आणि चालू पडलो.

गॅरेज माझं, खुर्ची माझी, आणि उठून मीच निघालो. चार पावलं झाली, आठ झाली. रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ फिरवून उभा राहिलो. टपरीवाला माझ्या खांद्यावरून तिकडे बघत होता.

"तो गाडी बांधून राहिला, भाऊ."

"बांधू दे. आता हाक मारते."

"जीपमंदी बसला."

"बसू दे."

"गेला ना, बापा. सौंसरकडे गेला."

मी वळून पाहिलं तेव्हा जीप मोडावर होती.

सौंसरला सिमेंटचं दुकान असलेला एक गृहस्थ होता. त्यानं जन्मात पाना धरला नव्हता. गाडी पाहताच त्यानं तिला हार घातला, नारळ फोडला आणि साहेबाला म्हणाला, अशी गाडी झाली नाही आणि होणार नाही. सही झाली. ही हकिगत मला कळली तेव्हा माझ्या हातात मोठा पाना होता. तो मी फेकला. गॅरेजच्या टिनाला पडलेला तो खड्डा मी कधी ठोकून सरळ केला नाही.

"इंजीन घेऊन आलेल्या माणसाचे दात कोण मोजते?" बायको म्हणाली. "तो काय बैल विकाले आला होता?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, कारण ती खरं बोलली होती. त्या पुण्याच्या माणसाला आमची रीत माहीत नव्हती. त्याला वाटलं, याला गाडी नको आहे. पण ज्याला गाडी नको तो अकरा दोष कशाला मोजेल, हे त्याला कळलं नाही का? माझ्या दारात उभी असलेली जुनी हरणं त्यानं पाहिली नाहीत का? ही सल आहे, आणि ती राहील.

मी शपथ घेतली की सिमेंटवाल्यानं विकलेल्या गाडीला हात लावणार नाही.

भादव्यात सौंसरच्या एका मास्तरांची नवी गाडी बैलगाडीवर आडवी टाकून माझ्या दारात आली. बोरगावच्या रस्त्यावर माती बसून पुढचं चाक जाम झालं होतं, मास्तर पडले होते, आणि सिमेंटवाल्यानं सांगितलं होतं की चिखल काढणं एजन्सीचं काम नाही. बैलगाडीतला धुरकरी हसून मला म्हणाला, "काहो भाऊ, तुमचं हरीण चाऱ्यावर बसलं."

टाकीवरचं हरीण कडब्यात तोंड खुपसून पडलं होतं. आजूबाजूचे चार लोक हसले. शपथ त्या क्षणी सुटली. गाडी वाईट निघाली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण हरणावर लोक हसलेले मला सहन होत नव्हतं. मी माती काढली, दोन पट्ट्या वाकवल्या, मडगार्ड दोन बोटं वर उचललं. मास्तर गाडीवर बसून परत गेले. मग एकामागून एक सगळ्याच येऊ लागल्या.

दिवाळी होऊन गेल्यावर इंदूरचे मालक स्वतः आले. पांढरा सदरा, वय झालेलं, आवाज मऊ. त्यांच्या हातात त्या साहेबाच्या डायरीची पानं होती.

"हे अकरा दोष तुम्ही सांगितले?"

"हो."

"आमच्या कारखान्यात इंजिनियर लोकांनी तीन पकडले. मडगार्डचा तर कोणाला विचारही आला नाही." त्यांनी दारात तेल बदलायला आलेली मास्तरांची गाडी वाकून पाहिली, पट्टीवरून अंगठा फिरवला. "पुढच्या गाड्या अशाच काढू. तुम्हाला पांढुर्ण्याची एजन्सी हवी का?"

माझी जीभ आपोआप वळली. "पांढुर्ण्याची? सौंसर द्या. पांढुर्ण्यात काय ठेवलं?" आणि मी उठलो. पाय सवयीनं निघाले. एक, दोन, तीन, चार.

मागून हाक आली नाही.

समोर टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला होता. त्यानं फक्त मान हलवली, नाही म्हणून. मालक उठायच्या बेतात असणार, हे मला न बघता कळलं. जन्मात पहिल्यांदा मी सौदा सुटायच्या आत मागं वळलो. ती चार पावलं परत येताना जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नव्हती.

"मले पायजे," मी म्हणालो. "पांढुर्णा तर पांढुर्णा. गाडी चांगली आहे. अकरा दोष काढले कारण मले ती पायजे होती."

ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं. "हेच त्या दिवशी सांगायचं होतं ना, भाऊ."

सौंसर सिमेंटवाल्याकडेच राहिलं. ते मला आजही मान्य नाही.

पुढच्या खेपेच्या गाड्या आल्या त्या वर उचललेल्या मडगार्डच्या. कंपनीच्या छापील पुस्तकात लिहिलं होतं की ही रचना खास ग्रामीण रस्त्यांसाठी केली आहे. कोणी केली, ते लिहिलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाईकाला पुढच्या चाकापाशी उकिडवं बसवायचो, दोन बोटं मधल्या जागेत घालून दाखवायचो आणि सांगायचो, हे माझं काम आहे.

सावरगावचा एक संत्रेवाला तसा बसून, बघून उठला आणि म्हणाला, "मडगार्ड तुमचं. मग टाकीवरचं हरीणबी तुमचंच म्हणा ना."

"अर्धं," मी म्हणालो.

त्यानं स्टँडला लाथ मारून पाहिली, हँडल वाकडं असल्याचं सांगितलं, दुपट्टा झटकला आणि चालू पडला. मी मोजत होतो. चौथ्या पावलावर हाक मारली.