माप तोंडात असताना

माझी नणंद आमच्या काचेच्या दुकानात बत्तीस वर्षं काच कापते. मी त्यांना वन्सं म्हणते, गिऱ्हाइकं मावशी म्हणतात. पुढच्या टेबलावर फ्रेम मापायची, माप तोंडातल्या तोंडात घोळवत आतल्या खोलीत जायचं आणि काच कापायची, ही त्यांची रीत. कागद नाही, पेन्सिल नाही. "लिहीत बसले तर कापू कधी?" म्हणतात.

आणि गेल्या महिन्यात त्यांनी दोन मोठे आरसे आखूड कापले. आखूड आरसा काय ओढून लांब करता येतो? माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. तो हळूच म्हणाला, "ताई, वय झालं तुझं. आता घरी आराम कर." एरवी भावाला फाडून खाणाऱ्या वन्सं त्या दिवशी गुमान हातमोजे काढून घरी गेल्या. "माझं डोकंच गेलं गं," एवढंच मला म्हणाल्या.

आठवड्याने दुकानात फोन आला, आम्हाला काचा पुरवणाऱ्याचा नवा नंबर सांगायला. वही आत होती, म्हणून आकडे पुटपुटत निघाले. वाटेत नवऱ्याने विचारलं, "काल काचा किती आल्या?" "चोवीस," म्हटलं, आणि नंबर गायब. पहिले तीन आकडे तेवढे उरले. मी काही म्हातारी नाही, मला अडतिसावं चालू आहे. असला आकडा डोक्यात मुक्कामाला येतच नाही. घोळवत राहाल तोवर थांबतो, आणि भरल्या बाकावर कुणी घुसलं की कडेचा पडतो, तसा पडतो.

मग वन्संच्या डोक्यात दुसरा आकडा घुसवत कोण होतं? मीच की. गेल्या महिन्यात माझी खुर्ची मधल्या दारात आणल्यापासून त्या समोरून गेल्या की मी विचारायचे, "वन्सं, अठरा बाय चोवीसच्या काचा किती उरल्यात?" दोन्ही आरशांच्या वेळी विचारलं होतं.

कबूल करायचं अगदी जिवावर आलं. नवरा त्यांना घरी बसवत होता तेव्हा मीही मान डोलावली होती. पण संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं, "वन्संचं डोकं शाबूत आहे. तोंड माझं सैल आहे. उद्यापासून वन्सं कामावर, माझी खुर्ची पुढे, आणि त्या माप घेऊन निघाल्या की कुणी हूं की चूं करायचं नाही."

वाटलं, आता वन्सं माझी खरडपट्टी काढणार. त्या रडायलाच लागल्या.

"आठ दिवस झाले," डोळे पुसत म्हणाल्या, "सकाळी उठले की आधी तुम्हा सगळ्यांची नावं आठवून बघत होते गं मी."