मामाच्या गाडीचा जाम हँडब्रेक

आधी माफी मागतो. आमच्या घरात सही किंवा अंगठा यापलीकडे कागदावर कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, पण तेवढ्यानं लिहिण्याचा हक्क मिळतो असं मला अजूनही वाटत नाही. तरी ती सकाळ मनातून जात नाही.

मुलींच्या होस्टेलमध्ये स्वयंपाकिणीची जागा निघाली होती. अर्जाचे कागद आईनं स्वतः पांढुर्ण्याच्या ऑफिसात जाऊन बारा वाजायच्या आत द्यायचे होते. संत्र्याची तोडणी, कापसाची वेचणी आणि मधले रिकामे महिने, यातच तिची इतकी वर्षं गेली होती. बारमाही काम मिळण्याची ही पहिलीच वेळ. ती सकाळच्या बसनं जाणार होती. मीच म्हटलं, "बस कायले? मी नेतो ना गाडीनं."

गाडी मामाची, जुनी. मामा कामाला नागपूरला गेल्यापासून ती बोरगावला आमच्या अंगणात उभी असते. बाबा तिच्या चाकाला दगड लावत. मी मात्र छिंदवाड्याला गाडी शिकलो होतो, आणि तिथं सांगितलं होतं की गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचाच. त्या सकाळच्या पंधरा दिवस आधी सुट्टीत मी गाडी धुतली, दगड बाजूला फेकला आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून ठेवला. चाकामागच्या ओल्या लोखंडी ड्रमला ब्रेक आतून चिकटून गंजला, हे नंतर कळलं.

बस निघून गेल्यावर मी गाडी चालू केली. हँडब्रेक खाली केला. मागून गाडी दबली, पण हलेना. जोर दिला तर मागचं उजवं चाक न फिरताच मातीवर घासत गेलं.

"काहून रे, जात नाही का?" आई कागदांची पिशवी घेऊन उभी होती.

"दहा मिनिटं, आई."

जॅक लावला, चाक काढलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. ड्रमच्या मागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवलं की ब्रेक सैल होतो, असं त्यात होतं. मी फिरवत राहिलो. घाम डोळ्यांत जात होता.

बाबांनी ड्रमला हात लावून पाहिला. "काय करून राहिला?"

"सैल करून राहिलो."

"हे तं आणखी घट्ट झालं, बाप्पा."

व्हिडिओतलं चाक डावं होतं. आमचं उजवं, म्हणजे फिरवायची दिशा उलटी.

"कॉलेजात उलटं फिरवाले शिकवते का?" बाबा हसले.

"तुम्ही गप राहा ना!" मी ओरडलो. बाबांवर मी असा कधीच ओरडलो नव्हतो.

साडेदहा झाले तेव्हा आईनं शेजारच्या काकांना हाक मारली. "भाऊजी, सौंसरपर्यंत सोडता का? तिथून बस भेटन."

काकांनी मोटारसायकल काढली. "सौंसर कायले, पांढुर्ण्यालेच नेतो. पोराची गाडी निघेपर्यंत तं जागा दुसरीले भेटून जाईन, वहिनी."

आई बसली. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी दातेरी चाक उलट्या बाजूनं फिरवलं. बाबांनी लाकडाचा ठोकळा आणला. "एकाच जागी हाणू नको. गोल गोल ठोकत जा." ते ठोकळा धरत, मी वरून हातोडा मारी. कितीतरी वेळानं ड्रम सुटला आणि तांबडी भुकटी माझ्या पायावर पडली. आतला गंज घासून काढला, चाक बसवलं. आता ते एका बोटानं फिरत होतं, आणि मला त्याचा रागच येत होता.

बारा वाजून गेले. आईचा फोन लागत नव्हता. बाबांनी भाकर पुढं ठेवली, पण मी हात धुतले नाहीत. पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिलो.

एक वाजता तिचाच फोन आला. मागे रस्त्याचा गलका होता.

"खिडकी बंद करूनच राहिला होता तिथला बाबू," ती म्हणाली. "पण घेतले कागद. पावती देली."