दिवा मोठा कर

सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडला, आणि आमच्या निपाणीच्या घरात संध्याकाळचं जेवण झालं की मला झोपायच्या वेळेची धास्ती वाटायला लागली. दिवा चालू ठेवला तर त्यांना झोप लागत नसे. बटण दाबून खट्कन बंद केला की त्या किंचाळत उठून बसत. आपले डोळेच गेले असं त्यांना वाटे. मला सकाळी शाळेत शिकवायला जायचं असे. नवरा बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात, तिकडेच खोली घेऊन राहायचा, रविवारी यायचा आणि आईची विचारपूस करून ढाराढूर झोपायचा. जाग्या असायचो त्या आम्ही दोघी.

म्हणून दिवा हळूहळू मंद होईल अशी सोय करायचं मी मनावर घेतलं. वायरमननं भिंतीवर गोल फिरवायचं बटण बसवलं, जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातलं. त्यावर साधा एलईडी बल्ब लावला तर तो गुणगुणायला लागला, कमी करताना फडफडला आणि अर्ध्यातच गेला. सासूबाई किंचाळल्या. मग मंद होणारा म्हणून महागडा बल्ब आणला. फडफड जरा कमी झाली, एवढंच. शेवटी दुकानदार म्हणाला, बटणपण एलईडीचंच लागतं. हे आधी सांगायला त्याचं तोंड का शिवलं होतं, देव जाणे. नव्या बटणात एक बारीक स्क्रू होता. दिवा जिथं फडफडायला लागतो त्याच्या जरा वर त्याची खालची हद्द बांधून घेतली, आणि एकदाचा तो दिवा लोण्यासारखा उतरायला लागला.

मला वाटलं, सुटले. त्या संध्याकाळी मी बटण फिरवायला घेतलं. उजेड निम्म्यावर आला आणि सासूबाई म्हणाल्या, "दिवा मोठा कर गं."

मी मोठा केला. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. "मोठा कर म्हटलं न्हवं? ऐकू येत न्हाय व्हय तुला?"

"आत्या, ह्याच्यावर न्हाय होत मोठा." सासूबाईंना मी आत्याच म्हणायची.

रोज हेच. नवऱ्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "मोठा म्हणती तर कर की मोठा." मी आणखी जास्त उजेडाचा बल्ब आणला. त्या रडायला लागल्या. येईल त्या शेजारणीला सांगायच्या, ही बाई मला झोपू देत न्हाय. मी इतकी थकले होते की एकदा फळ्यासमोर उभी असताना डोळा लागला. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा.

बोरगावहून नणंद, आमच्या आक्का, आईला बघायला आल्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा. दुपारी सासूबाई तिथं आडव्या झाल्या आणि तेच म्हणाल्या. मी उठणार तोच आक्कांनी बटण हळूहळू खाली नेऊन दिवा बंद केला. सासूबाई गप कुशीवर वळल्या.

"आक्का, मोठा कर म्हणत होत्या की."

"व्हय, मग? दिवा विझव म्हणू नये, अशुभ असतंय. आई कंदिलाच्या टायमाला असंच म्हणायची. मोठा कर म्हंजे बंद कर. तुला ठावं न्हवतं?"

नव्हतं. मी बेळगावात क्वार्टर्समध्ये वाढलेली. आमच्याकडे लाईट घालवायची असायची. बाई अंधार मागत होती आणि मी तिच्या डोळ्यांत उजेड ओतत होते.

आक्का शेवटच्या बसनं परत गेल्या. रात्री सासूबाई म्हणाल्या, "दिवा मोठा कर." मी बटण इतकं सावकाश फिरवलं की अंधार कधी झाला ते त्यांना कळलंही नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढे करून माझं मनगट चाचपलं.

"लेक आली व्हय गं माझी? बरं झालं. ती बाई लई तरास देती."

"व्हय आई, मीच," मी म्हटलं. त्यांना झोप लागेपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.