पॅलेटखालची जागा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, जन्मभर एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत आले. तिथे सगळे त्यांना 'हॉर्न' म्हणायचे. समोर चिटपाखरू नसलं तरी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवल्याशिवाय हा माणूस पुढे जायचा नाही. घरीही तेच. स्वयंपाकघरात शिरायच्या आधी दारात खाकरायचं. ताई आतून म्हणायची, "या, रस्ता मोकळा आहे."

निवृत्त झाले आणि घरी लाकडं यायला लागली. माल ज्यावर रचून येतो ती लाकडी पॅलेटं मोडली की गोदामामागे पडून राहायची, ती हे उचलून आणायचे. सरसकट नाही हं. प्रत्येक उलटंपालटं करून बघायचं, वास घ्यायचा. तेल किंवा औषध सांडलेलं असेल तर नको, भाजीच्या मातीत उतरतं म्हणे. मग पहारीनं फळ्या सुट्या करायच्या आणि वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. नवे खिळे आणले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही. त्यातून ताईच्या बागेला कुंपण झालं, वेलाला मांडव झाला, कुंड्यांना पायऱ्या झाल्या. सगळं भक्कम, आणि सगळं दिसायला गोदामासारखं. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, तुमच्या बागेत आलं की माल मोजावासा वाटतो." ते नुसते हसले. ताई मात्र माझ्यावर डाफरली. तिच्या बागेला आणि तिच्या नवऱ्याला नावं ठेवायची ती फक्त तिनं.

मग ताई पडली. बागेतच, ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आधार धरून चार पावलं टाकण्यापलीकडे पाय काही चालेनात. व्हीलचेअर आली. टनावारी माल उचललेला हा माणूस, बायकोला पलंगावरून उठवायची वेळ आली की हातपाय गाळून उभा! खुर्चीला तर हात लावायचा नाही. मी ती ढकलत आत आणली की हे चपला घालून बाहेर. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

ताईही काही कमी नव्हती. ती खुर्चीला 'ते यंत्र' म्हणायची. बाथरूमपर्यंत जायचं तेवढं त्यात बसायची, की परत खिडकीजवळच्या साध्या खुर्चीत, बागेकडे पाठ करून. "माझी बाग संपली," म्हणाली. पाणी मी घालत होते, पण माझ्या हाताला मुळात यश नाही, मिरच्या माना टाकून बसल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "खुर्चीत बसून हिंडल्याफिरल्या नाहीत तर अंथरूण धरतील." भाऊजींनी ऐकून घेतलं, मागच्या अंगणात गेले, आणि पहारीचा आवाज सुरू झाला.

बसल्या जागी हात पोचेल असा उंच वाफा करायचं त्यांनी ठरवलं होतं. आणि यावेळी गोदामासारखं काही दिसू द्यायचं नव्हतं. फळ्यांना रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासल्या, वरपासून पार जमिनीपर्यंत अशा बसवल्या की कुठे फट दिसेल तर शपथ. वर हिरवा रंग. माती भरून, मेथीचं बी टाकून, मेथी बोटभर वर आल्यावरच मला बोलावलं. "आता वाटतोय का माल मोजावासा?" खरंच देखणं झालं होतं.

ताईला कशीबशी तयार केली. मी खुर्ची वाफ्याशी नेली आणि ठक्क! गुडघे फळीवर आपटले. हात पुढे केला तर बोटं जेमतेम कडेला लागली. खुर्ची आडवी लावली, तर कमरेत कळ आली. तिनं कडेचं एक पान तोडलं, हुंगलं आणि मांडीवर ठेवलं.

"राहू द्या," म्हणाली. "छान झालंय. कुणाला तरी देऊन टाका."

आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. भाऊजी रंगाचा ब्रश पुसत बसले, कोरडा होता तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर ताई खिडकीशी, नेहमीसारखी पाठमोरी, आणि व्हीलचेअर जागेवर नाही. बाहेर पाहिलं आणि बघतच राहिले. भाऊजी त्या खुर्चीत बसले होते. चाकं फिरवत वाफ्यापर्यंत गेले, गुडघे आपटले, मागे आले, पुन्हा गेले, पुन्हा आपटले. मग वाकून आपल्या पायांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, खालची जागाच बुजवली की मी! फोर्क जाणार कुठून?"

पॅलेट म्हणजे खालची पोकळी, फोर्कलिफ्टचे दोन लोखंडी दांडे तिथूनच आत शिरतात; ती नसेल तर काहीच उचललं जात नाही. हे ज्यानं जन्मभर केलं, तोच नटवण्याच्या नादात विसरला होता. लगेच पहार घेतली. रंगवलेल्या फळ्या निघाल्या, माती भसाभस अंगणात, मेथीचा चिखल. दुपारपर्यंत त्यांनी वाफ्याचा तळ गुडघ्यांच्या वर घेतला आणि खाली सगळं मोकळं सोडलं, वर माती परत भरली. कोऱ्या फळ्या, रंगबिंग नाही. दिसायला थेट पॅलेट.

मग पुन्हा खुर्चीत बसले, बघायला. कुंपणाच्या वळणावर तोंडानंच, "पीं!"

माझ्यामागे काहीतरी करकरलं. ताई खिडकीची चौकट धरून सबंध वळली होती. बाहेर भाऊजींचे गुडघे अलगद वाफ्याखाली गेले आणि हात कोपरापर्यंत मातीत. मागे आले, वळले, पुन्हा "पीं!" आता मात्र त्यांना सरळसरळ मजा यायला लागली होती.

तिसऱ्या फेरीला ताईनं हाक मारली, "अहो!"

भाऊजी जागच्या जागी थिजले.

"उठा आता," ती म्हणाली. "माझी खुर्ची आहे ती."