तिरक्या पडद्यांची गिटार

ढाणकीला माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत डीजेवाले दारात ताटकळत असतात, कुणाचा स्पीकर फाटलेला, कुणाचं अँप जळालेलं. ज्या डीजेनं आमच्या तांड्यातली गाणी गिळली, त्याचंच पोट मी साफ करून देतो आणि त्यावर माझं पोट चालवतो. मला हे आवडत नाही, पण माझी आवडनिवड विचारतंय कोण.

तांडा फुलसावंगीजवळ. तिथल्या घरात आमच्यासोबत माझी याडी, म्हणजे आई, राहते. तिला ढावलो येतो. आम्हा बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडून ती गाऊन रडते, ते गाणं म्हणजे ढावलो. बापाच्या गाईंपासून तांड्याच्या विहिरीपर्यंत साऱ्यांची नावं घेऊन रडायचं, आणि तेही सुरात. हे आपोआप येत नाही. लग्नाआधी म्हाताऱ्या बाया नवरीला जवळ बसवून शिकवतात. आमच्या तांड्यात शिकवणारी आता याडीच काय ती उरली होती. एरवी ती तोंडही उघडायची नाही. घरातून कुणी जायचं नसताना ढावलो म्हणणं अपशकुन, असं ती मानते. मी मोबाइल पुढे धरला की मला हाकलून द्यायची.

त्या गाण्यात एक जागा आहे. ओळ संपताना 'बापू' अशी हाक येते आणि आवाज अशा सुरावर थांबतो, जो ना धड वरचा ना धड खालचा. तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या बाया नेमक्या तिथे फुटतात. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, तेव्हापासून तो सूर शोधत होतो. गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. बोट दाबलं की पडद्याचा सूर मिळतो, दोन पडद्यांच्या मधला मिळत नाही. तार ओढून पाहिली तर सूर घसरत घसरत यायचा. याडीचा सूर घसरत येत नाही, थेट तिथे येऊन बसतो.

मागच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. ती यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे. याडी तिला शिकवणार, आणि ते शेवटचंच असणार, हे मला कळत होतं. पुढे तांड्यात कुणी मुलगी हे मागणार नाही आणि मागितलं तर द्यायला याडी असणार नाही. त्या चार दिवसांत तो सूर पकडून ठेवायचा, एवढंच मी मनाशी धरलं.

त्याच सुमारास मोबाइलवर एक परदेशी माणूस दिसला. त्याच्या गिटारीचे पडदे वेडेवाकडे होते आणि तिच्यातून मधले सूर निघत होते. मी वेडा झालो. पुढे कित्येक दिवस तशी गिटार शोधत होतो आणि शेवटी नागपूरच्या एका तरुणाची जाहिरात सापडली. बिनडोक्याची, म्हणजे दांडीच्या टोकाला खुंट्यांचं डोकं नसलेली. सहाऐवजी आठ तारा. आणि पडदे तिरके, घडीच्या पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले. मी एसटी धरून नागपूर गाठलं. तो मोठ्या उत्साहानं सांगत होता, जाड तारांना जास्त लांबी मिळते, मनगटाला त्रास होत नाही. माझं लक्ष पडद्यांवर. यात सगळे सूर लागतात ना, एवढंच मी विचारलं. "सगळे लागतात, काका," तो म्हणाला. तो खोटं बोलला नाही. त्याचे सगळे आणि माझे सगळे वेगळे होते.

तांड्यात आल्यावर चुलत भावानं गिटारीचं मुंडकं कुठल्या देवीला वाहिलं म्हणून विचारलं. बायकोनं गिटार न्याहाळली आणि ती भाकरी थापायला लागली. मी अंगणात बसून सूर लावले आणि एकेक पडदा दाबत गेलो. तेच बारा सूर. तिरके उभे असले तरी सूर सरळच. मी नागपूरला फोन केला. तो म्हणाला, "काका, तिरके पडदे तारांच्या लांबीसाठी असतात. मधल्या सुरांची गिटार वेगळीच येते." नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. मी तर वाकडं अंगण मुद्दाम विकत आणलं होतं.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मुलगी सुट्टी घेऊन आली, तिनं गिटार पाहिली आणि तिला ती फार आवडली. तोवर ढावलो म्हणायला ती तयार नव्हती, लोकांसमोर गळा काढायची तिला लाज वाटत होती. आता म्हणाली, "बाबा, तुम्ही वाजवान त मी शिकतो." याडीचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. नात मांडीला मांडी लावून बसली होती, हे म्हातारीला पुष्कळ होतं.

दुपारी दुकान बंद ठेवून मी वाजवायचो, याडी म्हणायची, मुलगी तिच्यामागून म्हणायची. त्या जागेवर आलं की मी सर्वांत जवळचा पडदा दाबायचो. मुलीला तो ऐकायला सोपा, ती तिथेच जायची. पहिल्या दिवशी याडी तिला थांबवत राहिली, असं नाही, थोडं अलीकडे. दुसऱ्या दिवशी गप्प राहिली. पुढे पुढे दोघी एकदम म्हणायला लागल्या आणि मला वाटलं, जमतंय. मोबाइलवर रेकॉर्डही मी दोघी एकदम म्हणायला लागल्यावरच केलं, त्यातही पडद्याचाच सूर आहे. वाजवायचं बंद करावं असं मनात येत होतं. पण मी थांबलो असतो तर मुलगी उठून गेली असती, आणि मग काहीच उरलं नसतं.

लग्नाच्या दिवशी निघायच्या वेळी डीजे थांबवला. गिटार घरातच होती. मुलगी याडीच्या गळ्यात पडली आणि दोघींनी ढावलो म्हटला. बापाच्या गाई आल्या, विहीर आली, 'बापू' आलं. दोघींचे आवाज एकदम, स्वच्छ, माझ्या पडद्यावर येऊन थांबले. बाया बघत राहिल्या. कुणी पदर डोळ्यांना लावला नाही. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि वऱ्हाडातली एक बाई म्हणाली, किती छान आवाज आहे पोरीचा. ढावल्याला आमच्याकडे कुणी टाळ्या वाजवत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी गेल्यावर घर रिकामं झालं. थोड्या दिवसांनी मी याडीजवळ जाऊन बसलो. घरात आम्ही गोरबोली बोलतो, कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहितो. "याडी, माया लहानपणी म्हणत होतीस तसा एकडाव म्हण. अपशकुन झाला त माया माथी," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आता कोण उरलं जायाचं?" आणि म्हणायला लागली. त्या जागेवर तोच सरळ सूर आला. मी म्हटलं, हा नाही, पहिलेचा. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तोच. मी माझ्या फाटक्या आवाजात दाखवायला गेलो तर मलाही जमेना. इतकी वर्षं कानात होता म्हणून मी निश्चिंत होतो, आणि आता कानात गिटारच वाजत होती. याडीनं तिसऱ्यांदा ओळ धरली आणि मध्येच सोडली. डोळे बारीक करून ती आठवत राहिली. माझी चिडचिड होईल या भीतीनं तिचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मग ती म्हणाली, "तू वाजव ना, बापू. वाजवल्याबिगर मले सापडून नाही राह्यलं."

मी आत जाऊन गिटार घेऊन आलो आणि वाजवलं.