सूनबाई, मीठ निम्मं करा

चक्कर सासऱ्यांना आली, गोळ्या सासऱ्यांना मिळाल्या आणि पथ्य मला मिळालं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहून उमेदीची वर्षं घालवली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी सकाळी सहाला आंघोळ करून, भांग पाडून तयार असतात. जायचं कुठंच नसतं. असेच एका सकाळी चप्पल घालायला वाकले आणि भिंतीला धरून खाली बसले. नवऱ्यानं त्यांना गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. पाठोपाठ मीही गेले, कारण फाइल आणि पाण्याची बाटली कुणीतरी घ्यायची असते.

डॉक्टरांनी दोनदा बीपी बघितलं. गोळ्या लिहून दिल्या. मग खुर्चीत बसलेल्या पेशंटकडे आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाकडे न बघता, दारापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, मीठ निम्मं करा. लोणचं, पापड बंद. एका माणसाला दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा मीठ बास झालं."

तिन्ही पुरुषांनी माझ्याकडे बघितलं, जशी काही मीच इतकी वर्षं मामांना मीठ चारत होते. मी म्हटलं, "करते." चाळीस पोरांचा वर्ग गप्प बसवणारी बाई मी. तीन माणसांचं मीठ कमी करायला काय लागतं, असं मला त्या वेळी वाटलं.

त्या संध्याकाळी आमटीत खरोखर निम्मं मीठ घातलं. मामांनी पहिला घास घेतला, भाकरी ताटात ठेवली आणि आत्यांना विचारलं, "आपल्यात कोण गेलंय काय?"

आमच्या भावकीत सुतकात अळणी जेवतात, म्हणून हा प्रश्न.

"कोण न्हाय गेलेलं. डाक्टरनं सांगितलंय, मीठ कमी," आत्या म्हणाल्या.

"डाक्टर काय भट्टीपुढं उभा ऱ्हायलाय? घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंय. आम्हाला कंपनीत लिंबू-मीठ-पाणी द्यायचे, मोठ्या पिंपानं."

आता तुम्ही भट्टीपुढं नाही, पंख्याखाली असता, असं मी म्हटलं. मनात म्हटलं. सुनांची बरीचशी वाक्यं तिथंच मुक्कामाला असतात.

दुसऱ्या दिवशी मी अक्कल वापरली. मीठ घालायच्या आधी मामांची भाजी वेगळ्या वाटीत काढली, त्यात कणभर मीठ घातलं आणि बाकीच्या भाजीत नेहमीसारखं. मामांनी ती वाटी बघितली. माझ्याकडे बघितलं. "मला येगळं का? मी पावणा हाय व्हय?" म्हणाले आणि वाटी बाजूला सारून पातेल्यातली भाजी स्वतःच्या हातानं वाढून घेतली. एका पातेल्यात जेवायचं हा त्यांच्या लेखी मिठापेक्षा मोठा प्रश्न होता. खरं सांगायचं तर मला ते पटलं. पण पटून उपयोग काय, डॉक्टरांना शब्द मी दिला होता.

म्हणून मग सगळ्यांचंच मीठ निम्मं केलं. आठ दिवस झाले. कुणाची तक्रार नाही. मामा नीट जेवत होते, एखादी भाकरी जास्तच घेत होते. मी शाळेत स्टाफरूममध्ये बसून सांगत होते, काही नाही हो, आठ दिवसांत जिभेला सवय होते. नवव्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले, तर आत्या गॅसपाशी उभ्या होत्या आणि मी सकाळी करून ठेवलेल्या उसळीत तळहातावरचं मीठ सोडत होत्या. तळहात काही लहान नव्हता.

"आत्या," मी म्हटलं.

त्या दचकल्या वगैरे नाहीत. राहिलेलं मीठ झटकलं, हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं वाढालोय त्यांना. आता म्हातारपणी अळणी वाढू? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे कोण, ते विचारायचं नसतं. लोक आमच्या घरी जेवायला नसतातच.

नवरा तेवढा माझ्या बाजूनं होता. तोंडानं. "बाबांनी मीठ कमी करायलाच हवं," असं तो रोज म्हणायचा आणि कामानिमित्त जयसिंगपूरला गेला की येताना भडंगाची दोन मोठी पाकिटं घेऊन यायचा. मी म्हटलं, "यात काय मीठ नसतं?" तो म्हणाला, "अगं, हे जेवण थोडंच आहे?" संध्याकाळी बापलेक टीव्हीसमोर बसून जेवण नसलेलं ते भडंग मूठ मूठ खायचे. जोडीला पापडाचा डबा होताच. पापड बंद म्हणजे तळलेला बंद, भाजलेला चालतो, असा मामांनी स्वतःपुरता अर्थ लावला होता.

शेजारच्या काकूंनी तेवढ्यात मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला, की सैंधव मिठानं बीपी वाढत नाही. घरातल्या कुठल्याच गोष्टीवर मामांचा इतक्या चटकन विश्वास बसलेला मी बघितला नव्हता. स्वतः जाऊन किलोभर सैंधव घेऊन आले. "ह्यानं काय हुत न्हाय" म्हणून आमटीवर वरून घालायला लागले, दुप्पट. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मीठ ते मीठच, गुलाबी असो की पांढरं. मी हे मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "त्याला त्यातलं कळत न्हाय."

पण खरा धडा मला चटणीनं दिला. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी, मिरच्या वाळवून, मसाला भाजून डंकावर कुटून आणतो ती. कालवणात ती पडल्याशिवाय कालवण होत नाही. एकदा मी चिडून रश्शात मीठ अजिबातच घातलं नाही. चव बघितली, तर रस्सा खारट लागला. मग डोक्यात प्रकाश पडला. चटणी कुटताना तिच्यात पसाभर मीठ आम्हीच घातलं होतं. "न्हाय घातलं तर वर्षभर टिकल व्हय?" आत्या म्हणाल्या. बरोबर होतं. म्हणजे मी मार्चमध्येच वर्षभराचं मीठ घालून मोकळी झाले होते आणि आता रोज संध्याकाळी चिमटीनं हिशेब करत होते.

त्यात नणंद आली. ती गडहिंग्लजला असते. रविवारी नवऱ्याला घेऊन आली म्हटल्यावर मटण आलं, तांबडा रस्सा आला, पांढरा आला. मी आत्यांना म्हटलं, आज तरी बेतानं घालू. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जावय जेवाय आलाय," म्हणाल्या. एवढं कारण पुरे होतं. तरी मी एका पातेल्यात हात आखडता घेतला. नणंदेनं पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "वहिनी, पाणचट झालाय गं. शाळेच्या गडबडीत ऱ्हायलं वाटतं मीठ." सगळे हसले. मामा सगळ्यात मोठ्यानं हसले. मग मिठाची वाटी ताटाताटांतून फिरली आणि मी नाद सोडला. ज्याला चक्कर यायची त्याला येऊ दे, म्हटलं.

महिन्याभरानं तपासणीला मामांना घेऊन मीच गेले, नवऱ्याला काम होतं. मामांचं बीपी उतरलं होतं. गोळ्यांनी. डॉक्टर मात्र मला म्हणाले, "छान. पथ्य चांगलं पाळलंय."  डॉक्टरांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमचा चेहरा असा का दिसतोय? बसा, तुमचंही बघते," म्हणाली. दंडाला पट्टा बांधला. बघितलं, सोडला, परत बांधला. माझं बीपी मामांच्या पहिल्या दिवसाच्या बीपीपेक्षा जास्त होतं.

डॉक्टर आले. त्यांनी पुन्हा बघितलं. "कधीपासून डोकं दुखतंय?" विचारलं. मी म्हटलं, डोकं तर दुखतंच. ते नाही का दुखत सगळ्यांचं? त्यांनी मलाही गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "तुम्हीपण मीठ निम्मं करा." या वेळी त्यांनी दारापाशी बघितलं नाही. दारापाशी कुणी नव्हतं. मामा तोवर बाहेर जाऊन रिक्षा बघत होते.

घरी सांगितलं. नवऱ्याला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, "मग तू आपलं तुझ्यापुरतं कमी घालून घेत जा की. वेगळी वाटी काढायची." मामा म्हणाले, "माझं उतरलंय. आता व्यवस्थित मीठ घालाय हरकत न्हाय." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. मळताना त्यात मीठ घालायचं की नाही हे काही केल्या ठरेना, आणि त्या एवढ्याशा गोष्टीनं माझे डोळे भरून आले. मला माझाच राग आला.

आत्या मागून आल्या. पाट ओढून बसल्या. लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो पट्टा बांधतात तवा दुखतंय काय गं?"

"नाही. नुसतं आवळतं. का?"

"न्हाय, माझ्या दंडाला कधी कुणी बांधलाच न्हाय. म्हणून इचारलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. साठीची बाई. पाच बाळंतपणं, दोन मुलं हाती लागलेली. नवऱ्याची गोळी रोज न चुकता पाण्याबरोबर हातात देणारी. दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढली आणि त्यांना घेऊन गेले. सिस्टरनं पट्टा बांधला, तेव्हा आत्या डोळे मिटून बसल्या होत्या, इंजेक्शन असल्यासारख्या. त्यांचंही जास्तच निघालं. किती वर्षांपासून, ते कुणाला सांगता येणार?

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "घरात कुणाला सांगायचं न्हाय."

"आत्या, गोळ्या चालू झाल्यात तुम्हाला. सांगायला नको?"

"गोळीचं सांग. मिठाचं सांगू नको. तू एकदम निम्मं केलीस, तितंच चुकलीस. पुरुषाची जीभ म्हंजे लई शानी. निम्मं केलं की वळखतीया. रोज जरा जरा काढून घ्यायचं, मग कळत न्हाय." त्या रिक्षाबाहेर बघत बोलत होत्या. "माझ्या सासूनं माझ्या वाटणीचं दूध असंच पळीपळीनं तोडलंतं."

पुढचे चार-पाच महिने आम्ही दोघींनी जे केलं त्याला चोरी म्हणतात. आत्यांनी तळहातानं मीठ घालणं सोडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चमचा हातात घेतला, आणि तो मला दाखवून विचारायच्या, "एवढं?" मी नको म्हणून मान हलवली की थोडं परत बरणीत टाकायच्या. दर पंधरा दिवसांनी आणखी थोडं. कणकेतलं मीठ पहिल्यांदा गेलं. ते गेल्याचं आजतागायत कुणाला कळलेलं नाही. चटणी निम्मी करून त्याजागी लसूण, कोथिंबीर, भाजलेले तीळ, वर लिंबू. मामा म्हणाले, "आजकाल कालवणाला चव हाय." आत्यांनी पदर तोंडाला लावला. भडंगाचं मात्र काही जमलं नाही. मी ते बंद करायला गेले, तर नवरा मोठ्या माणसासारखा बोलायला लागला, की आयुष्यात काहीतरी आनंद हवा. असू दे, म्हटलं. त्याच्या दंडाचा नंबर यायचाय.

दिवाळीत नणंद आली. "वहिनी, आज तू बस, मी करतो रस्सा," म्हणाली आणि तिच्या हातानं तिच्या घरच्यासारखा केला. सगळे जेवायला बसलो. मामांनी भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"खारट झालाय की गं."

"बाबा, नेहमीएवढंच घातलंय."

"न्हाय, खारट हाय. एवढं मीठ बरं न्हवं."

नणंदेचं तोंड उतरलं. मी खाली मान घालून जेवत राहिले. आत्यांच्याकडे बघायची सोय नव्हती, बघितलं असतं तर दोघींनाही हसू आवरलं नसतं. नवरा म्हणाला, "ताई, बाबांनी मीठ किती कंट्रोल केलंय बघ. या वयात सोपं नाही." मामांनी नाही म्हटलं नाही.

आता मामा सकाळी सहाला तयार होऊन जातात ते बागेतल्या बाकावर, फाउंड्रीतल्या जुन्या मित्रांना सल्ला द्यायला. मीठ सोडायचं म्हणजे मनाचा निग्रह लागतो, असं सांगतात. एक-दोनदा मीही ऐकलंय. एरवी मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस त्या विषयावर अर्धा तास बोलतो. माझं बीपी अजून थोडं वरच असतं, आत्यांचं बऱ्यापैकी जागेवर आलंय. त्या आता दर महिन्याला स्वतःहून विचारतात, "जायचं न्हवं पट्टा बांधाय?"

गेल्या आठवड्यात त्या बाकावरच्या मित्रांपैकी एकाच्या सुनेचा फोन आला. तिच्या सासऱ्यांनाही डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, आणि घरात रोज भांडणं चालली होती. "तुमच्या मामांनी कसं जमवलं, ते जरा त्यांना विचारून सांगता का?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्यांना नको विचारायला. संध्याकाळी तुझ्या सासूबाईंना घेऊन आमच्याकडे ये. आणि येताना दोघी आधी बीपी बघून या."